इतर

ग्रासिएत निवृत्त झाली त्या शुक्रवारी
मालकांनी मला तिची खुर्ची दिली, पासवर्ड दिला
आणि म्हणाले, तेल्मु, हा पसारा आवर.

पसारा म्हणजे अकराशे नावं.
पोर्तोतल्या निळ्या फरशांची आम्ही डागडुजी करतो:
कुणाच्या दर्शनी भिंतीवरचं जहाज अर्धं गळालेलं,
कुणाच्या जिन्यातल्या संताला नाक नाही.
प्रत्येक नावाला वर्ग, प्रत्येक कामाला वर्ग,
आणि वर्ग किती, तर एकेचाळीस.

वाचत गेलो तसा हसत गेलो.
'पैसे देतो, पण ईस्टरनंतर.'
'बहिणीला विचारल्याशिवाय हो म्हणत नाही.'
'घंटी वाजवू नये, खिडकीखालून हाक मारावी.'
'कुत्रं दिसायला गरीब.'
'भाव विचारतो, काम देत नाही, तरी बसवून घ्यावं.'
एका वर्गाचं नाव नुसतं 'हं'.
त्यात तीन माणसं होती, तिघंही वकील.

शिकवणीच्या व्हिडिओतला गुळगुळीत माणूस सांगत होता,
सातावर वर्ग गेले की त्यांना वर्ग म्हणू नये.
मला पटलं. मी सातच ठेवले.
ग्राहक, होऊ घातलेले ग्राहक, पुरवठादार, सरकारी,
चालू काम, संपलेलं काम,
आणि सातवा, वर्गातल्या शेवटच्या बाकासारखा: इतर.

निवडा. विलीन करा. नक्की? हो.
नक्की? हो म्हटलं ना.
तीन वाजेपर्यंत यादी अशी दिसू लागली
जशी पाहुणे यायच्या आधीची बाहेरची खोली.
मी मलाच एक कॉफी पाजली.

सोमवारी दोना एर्मेलिंदाकडे गेलो.
वर्ग: ग्राहक. काम: चालू.
घंटी वाजवली.
तिचा नवरा पावाच्या भट्टीवर रात्रपाळी करतो.
तो दारात आला तेव्हा गालावर उशीची घडी उमटलेली
आणि तोंडात जे शब्द होते
त्यांना सात वर्ग पुरले नसते.

मंगळवारी मिरागाया. एकशे बारा पायऱ्या,
खांद्यावर फरशांचं खोकं.
सत्तराव्या पायरीवर टेकलो तेव्हा आठवलं,
'दोघांनी जावं' असा एक वर्ग होता.

बुधवारी कुत्रं.

टाके पडले नाहीत.
शनिवारी पट्टी बांधलेल्या पायाने पूल ओलांडून
गायाला गेलो, ग्रासिएतच्या घरी.
ती कोबीच्या वाफ्यात वाकून गोगलगायी वेचत होती.
पुन्हा वेगळं करता येत नाही? तिने विचारलं.
नाही, म्हटलं, एकदा विलीन झालं की झालं.
दुधात पाणी, ती म्हणाली. लिहून घे मग.

आणि वर न बघता सांगत गेली,
गल्लीमागून गल्ली, दारामागून दार.
कोण कानाने अधू, कुणाला बिल हातात लागतं,
कोणत्या दोन भावांची कामं एका दिवशी धरायची नाहीत.
कुस्तोदियुला 'संपलेलं' म्हणू नकोस.
भिंत झाली त्याची, कधीच झाली,
पण दर ऑक्टोबरला तो एक फरशी मोजायला बोलावतो.
फरशी नको असते त्याला.
तू ती मोजावीस, एवढंच असतं.
मोजून घे. आकडा मोठ्याने सांग.

घरी येऊन बदलांची नोंद उघडली,
काय काय पुसलं ते तरी बघू म्हणून.
शुक्रवार, दोन वाजून सहा मिनिटं:
क्विंतेला, तेल्मु. जुना वर्ग हटवला. नवा वर्ग: इतर.

मीही होतो तर यादीत.
चार वर्षांपूर्वी नोकरी मागायला आलो होतो,
तेव्हाचा फोननंबर, तेव्हाचा पत्ता.
माझ्या हातानेच मला ढकललं होतं, न वाचता.
जुना वर्ग कोणता, ते नोंदीत राहत नाही.

फोन लावला.
आठवत नाही बाई, ग्रासिएत म्हणाली,
आणि जरा लवकरच म्हणाली.

आता वर्ग पुन्हा तेवीस झालेत.
मालकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.
'कुत्रं' सगळ्यात वर ठेवलंय, लाल अक्षरांत.
'हं' परत आणलाय, चौथा वकील मिळालाय.
माझं नाव तेवढं हलवलेलं नाही.